सामाईक मालमत्ता डेटाबेसात नोंदीचे नियम पाळून कसे घ्यायचे?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या काही एजंटांनी मिळून फ्लॅट, दुकानं, प्लॉट यांचा सामाईक डेटाबेस केलाय. आधी एक्सेल होतं, आता पोस्टग्रेस (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यावर वेब फॉर्म. नियमावलीची पीडीएफ सगळ्यांकडे आहे. तरी कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) आणि सेलेबल (जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागांचा वाटा धरून सांगितलेलं क्षेत्रफळ) यांची सरमिसळ, एकच फ्लॅट चार वेळा, विकलेल्या जागा महिनोन् महिने ‘चालू’. आता सगळे रकाने सक्तीचे करावेत की दंड लावावा?

आधी तरी दोन्ही नको. सगळे रकाने सक्तीचे केले की माहिती वाढत नाही, थापा वाढतात. ज्याला बाल्कनीचं क्षेत्रफळ ठाऊक नाही तो १ टाकून पुढे जातो. रिकामा रकाना निदान रिकामा दिसतो. तिथला १ मात्र अहवालात, सरासरीत आणि ग्राहकासमोर खरा म्हणून मिरवतो. सध्याच्या डेटात हे किती झालंय ते पाहायला प्रत्येक आकडी रकान्यात कोणता आकडा सर्वाधिक वेळा आलाय ते मोजा. ०, १, ९९९, १२३४ वर आले की समजा, तिथे सक्ती चुकीच्या वेळी झालीय.

म्हणून सक्ती स्थितीनुसार ठेवा. ‘कच्ची’ नोंद परिसर आणि मालमत्तेचा प्रकार एवढ्यावरही साठू द्या. ‘चालू’ करताना किंमत, क्षेत्रफळ, ते कशावरून घेतलं, मजला, मालकाची संमती हे सगळं हवंच. ‘बंद’ करताना तारीख आणि कारण. अमेरिकेतल्या एमएलएसमध्येही (एजंटांच्या सामाईक मालमत्ता-यादीत) हीच रीत आहे. तिथल्या रेसो डेटा डिक्शनरीत (अशा याद्यांच्या रकान्यांच्या प्रमाण कोशात) अपुरी, चालू, मागे घेतलेली, मुदत संपलेली, व्यवहार पूर्ण झालेली अशा स्थिती वेगवेगळ्या आहेत. ती सगळी यादी उचलू नका, तुम्हाला पाच स्थिती पुरतील: कच्ची, चालू, टोकन झालेली, बंद, थांबवलेली.

नियमांचेही तीन प्रकार वेगळे करा. पहिला, कधीच खरं असू शकत नाही असं: मजला इमारतीच्या एकूण मजल्यांपेक्षा जास्त, कार्पेट सेलेबलपेक्षा जास्त. हे डेटाबेसनेच नाकारायचं. दुसरा, शक्य आहे पण संशयास्पद: इथे इशारा द्यायचा आणि तरी पुढे जायचं असेल तर कारण लिहून घ्यायचं. तिसरा, यंत्राला कळणारच नाही असं, उदाहरणार्थ फोटो दुसऱ्याच फ्लॅटचे. ते माणसाने तपासायचं. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या प्रकारचे नियम पहिल्यात ढकलतात आणि मग लोक पळवाटा काढतात.

पहिल्या प्रकारचे नियम फक्त फॉर्मच्या जावास्क्रिप्टमध्ये ठेवू नका. सीएसव्ही आयात, मोबाइल ॲप आणि ‘जरा एवढं थेट टेबलात टाक ना’ हे तिन्ही मागचे दरवाजे आहेत. नियम डेटाबेसच्या स्वतःच्या अटींत बसवा: चेक कन्स्ट्रेंट (भरलेलं अटीत बसतं का), फॉरेन की (भरलेलं दुसऱ्या टेबलाच्या यादीत आहे का) आणि नॉट नल (रकाना रिकामा नाही ना). इथे एक हमखास फसगत होते: चेक कन्स्ट्रेंटमधल्या अटीचं उत्तर नल (रिकाम्या रकान्यामुळे ‘माहीत नाही’) आलं तर नोंद पास होते. ‘कार्पेट सेलेबलपेक्षा कमी किंवा बरोबर’ ही अट कार्पेट रिकामं असताना काहीच अडवत नाही. त्यामुळे ‘स्थिती चालू असेल तर क्षेत्रफळाचा किमान एक रकाना भरलेला हवा’ ही अट वेगळी लिहावी लागते. कोणी मायएसक्यूएलवर असेल तर आवृत्ती ८.०.१६ च्या आधीची नाही ना ते पाहा. त्याआधीच्या आवृत्त्या चेक कन्स्ट्रेंट मुकाट्याने वाचून सोडून देत असत. ना त्रुटी, ना अंमल.

आता क्षेत्रफळ, कारण निम्मी भांडणं इथलीच. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायदा, २०१६ चा. त्यातल्या कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, फक्त त्या फ्लॅटसाठी असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची येत नाही. आतल्या विभाजक भिंती येतात. तेव्हा एकच ‘क्षेत्रफळ’ रकाना ठेवलात तर भांडण तुम्हीच लावलंत. रेरा कार्पेट, बाल्कनी, गच्ची, बिल्टअप (भिंती धरून), सेलेबल असे वेगळे रकाने करा आणि सोबत ‘आधार’ हा रकाना: नोंदणीकृत करारनामा, मंजूर नकाशा, प्रत्यक्ष मोजणी, मालकाने सांगितलं. जुन्या सोसायट्यांच्या करारनाम्यात बऱ्याचदा फक्त बिल्टअप असतं. तिथे कार्पेट रिकामं आणि बिल्टअप भरलेलं चालू द्या. सक्ती ‘यांपैकी किमान एक, आधारासह’ अशी.

सेलेबलला १.३५ ने भागून कार्पेट काढण्याची सोय फॉर्ममध्ये कृपा करून देऊ नका. ती संख्या मोजलेली नसते, पण एकदा रकान्यात बसली की मोजलेल्यासारखीच दिसते. असं झालंय का ते पकडणं सोपं आहे: एकेका एजंटच्या नोंदींमध्ये सेलेबल आणि कार्पेटचं गुणोत्तर काढा. निरनिराळ्या सोसायट्यांत ते दोन दशांशांपर्यंत सारखंच आलं तर आकडे कॅल्क्युलेटरमधून आलेत.

एककाची चूकही गुणोत्तरानेच सापडते. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. टूबीएचकेचं कार्पेट ६५ असं आलं तर ते ६५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ७०० चौरस फूट. तरी यंत्राने परस्पर गुणाकार करू नये, ‘६५ चौ. मी. म्हणायचंय का?’ असं विचारावं. डेटाबेसात साठवण एकाच एककात, चौरस मीटरमध्ये. दाखवताना चौरस फूट. भरलेला मूळ आकडा आणि त्याचं एकक वेगळं जपून ठेवा, म्हणजे पुन्हा पुन्हा रूपांतर होऊन ७०० चे ६९९.६६ होत नाहीत.

जमिनीच्या नोंदी हा याहून अवघड भाग आहे. सातबाऱ्यावर शेतजमिनीचं क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर असं असतं. ०.४०.५० म्हणजे ४० आर ५० चौरस मीटर, एकूण ४,०५० चौरस मीटर, जवळपास एक एकर. एकाच दशांश रकान्यात हे मावत नाही, कोणी ०.४० लिहून मोकळा होतो आणि ५० चौरस मीटर गायब. तीन चौकटी द्या. आर आणि चौरस मीटर या दोन्हींना १०० च्या खालीच ठेवा. बिनशेती सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र आर-चौरस मीटरमध्ये येतं. तिथला ४.५० म्हणजे ४५० चौरस मीटर, पण हेक्टर समजून भरला तर ४५,००० होतो, थेट शंभर पट. म्हणून आधी जमिनीचा प्रकार विचारा, त्यानुसार चौकटी दाखवा. बोलताना आर आणि गुंठा एकच धरतात, पण आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. ४० वर फरक ४७ चौरस मीटरचा पडतो. एका खोलीपेक्षा मोठा.

गट नंबर, सर्व्हे नंबर, सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर यांना संख्या समजू नका, तो मजकूर आहे. एक्सेलमध्ये १२/५ टाइप केलं की १२ मे किंवा ५ डिसेंबर होतो, आणि मागाहून कॉलम टेक्स्ट केला तर तारखेमागचा पाच आकडी अनुक्रमांक मिळतो. मूळ हिस्सा गेला तो गेला. कॉलम भरण्याआधी टेक्स्ट करावा लागतो. (मजल्याच्या रकान्यात ‘बारापैकी सातवा’ म्हणून ७/१२ लिहिणारेही असतात. त्याचा सातबारा तर होत नाही, ७ डिसेंबर मात्र होतो. मजला आणि एकूण मजले दोन वेगळे पूर्णांक, तळमजला ०.) हिस्सा लिहिण्याची एकच रीत ठरवा, म्हणजे ४५/२/अ आणि ४५/२अ हे दोन प्लॉट ठरणार नाहीत.

मराठीत भरणारे असतील तर आकडे दोन लिप्यांत येतात. पायथनला ‘४५’ ही संख्या म्हणून कळते, जावास्क्रिप्टच्या अंकतपासणीला कळत नाही. त्यामुळे फॉर्म अडवतो आणि आयात सोडते, किंवा उलट. साठवण्याआधीच देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदला, मजकूर युनिकोडच्या एनएफसी रूपात (सारखं दिसणारं अक्षर एकाच संकेतात) आणा, पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढा. परिसर हाताने लिहू देऊ नका. कोथरूड-कोथरुड, हिंजवडी-हिंजेवाडी हे यादीतून निवडायचं. यादीला पर्यायी लेखनांचं टेबल जोडा म्हणजे शोध चुकत नाही. यादीत नसलेलं नाव ‘सुचवा’ म्हणून वेगळं जाऊ द्या, नाहीतर लोक ‘इतर’ निवडत बसतील.

किंमत रुपयांत, पूर्णांकात. भरताना मात्र लाख-कोटी निवडायला द्या आणि खाली लगेच अक्षरी दाखवा. ‘पंच्याऐंशी रुपये’ असं दिसलं की माणूस स्वतःच थांबतो. अख्ख्या फॉर्ममध्ये याहून स्वस्त आणि उपयोगी तपासणी नाही. विक्री आणि भाडं यांचे रकाने वेगळे. प्रति चौरस फूट दर त्या परिसराच्या मध्यकाच्या (क्रमाने लावलेल्या दरांतल्या मधल्या दराच्या) निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त असेल तर इशारा. मध्यक घ्या, सरासरी नको. सरासरीला तुमच्याच जुन्या चुकांनी आधीच वाकवलेलं असतं.

महारेरा क्रमांक (राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा प्रकल्प-नोंदणी क्रमांक) सगळ्यांना सक्तीचा करणं ही नेहमीची चूक. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प नोंदणीतून वगळलेले आहेत, आणि कायदा पूर्ण लागू होण्याआधी, म्हणजे १ मे २०१७ पूर्वी, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीही. तिथे सक्ती केलीत की शेजारच्या प्रकल्पाचा क्रमांक येतो. ‘क्रमांक आहे’, ‘सूट आहे, कारण अमुक’, ‘जुन्या इमारतीची फेरविक्री’ असे तीन पर्याय द्या. नुसती ढब तपासून भागत नाही. ‘पी’ आणि पुढे ११ अंक ही ओळखीची रचना, पण नव्या नोंदण्यांत दोन अक्षरी सुरुवातही दिसते, म्हणून साचा घट्ट आवळू नका. शिवाय एकाच संकुलाच्या टप्प्यांना वेगवेगळे क्रमांक असतात. उत्तम उपाय म्हणजे एजंटला क्रमांक टाइपच करू न देणं: कार्यालयाने महारेराच्या संकेतस्थळावर एकदा पडताळून प्रकल्प-टप्प्याचं टेबल भरायचं, एजंटने तिथून टप्पा निवडायचा. हा नियम मात्र ढिला सोडू नका. नोंदणी हवी असताना ती न झालेल्या प्रकल्पातली विक्री जमवून देणाऱ्या एजंटला कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपये, सदनिकेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुबार नोंदी. मूळ गोंधळ असा की मालमत्ता आणि लिस्टिंग (एजंटने विक्री-भाड्यासाठी केलेली तिची नोंद) एकाच टेबलात आहेत. एकच फ्लॅट मालकाने तिघांना दिला असेल तर ती चूक नव्हे. मालमत्ता एक, लिस्टिंग तीन. मालमत्तेवर सोसायटी, विंग, फ्लॅट क्रमांक मिळून युनिक, म्हणजे तशीच दुसरी नोंद नको. लिस्टिंगवर मालमत्ता, एजंट, व्यवहाराचा प्रकार मिळून युनिक, पण फक्त ‘चालू’ नोंदींपुरतं. पोस्टग्रेसमध्ये पार्शल युनिक इंडेक्सने ते होतं. खरी अडचण माणसांची आहे: दुसरा थेट मालकाला गाठेल या भीतीने फ्लॅट क्रमांक कोणी देत नाही. मग क्रमांक इतर एजंटांना दाखवूच नका. जुळवणीसाठी सर्व्हरवरच्या गुप्त किल्लीने केलेला हॅश (क्रमांकावरून काढलेला, उलटा न वाचता येणारा संकेत) ठेवा. साधा हॅश चालणार नाही. एका विंगमध्ये फ्लॅट असतात शे-दीडशे, सगळे क्रमांक चालवून पाहायला सेकंदही लागत नाही.

जुन्या नोंदींचं काय? पोस्टग्रेसमध्ये नवा नियम ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून जोडता येतो: नव्या नोंदी तपासल्या जातात, जुन्या तूर्त राहतात, साफसफाई झाली की व्हॅलिडेट करायचं. पण जुन्या नोंदीत कुठलाही बदल केला की तिची संपूर्ण तपासणी होते. एजंट फक्त किंमत कमी करायला येतो आणि त्याला मजल्याची त्रुटी दिसते, की लगेच फोन सुरू. त्यामुळे ‘नियमावली आवृत्ती’ असा रकाना ठेवून अट नव्या आवृत्तीलाच लावा, आणि जुन्या चालू नोंदी परिसरवार गट करून नव्या आवृत्तीवर आणा. बंद नोंदींना हात लावू नका, तो इतिहास आहे.

आयातीसाठी आधी सगळं मजकूर म्हणून कच्च्या टेबलात उतरवा, तिथे तपासा, चुकलेल्या ओळी तेवढ्या कारणासह परत करा. एका ओळीसाठी अख्खी फाइल परत पाठवलीत तर पुढची फाइल येणारच नाही. एक्सेल नमुन्यातल्या डेटा व्हॅलिडेशनवर विसंबू नका. कॉपी-पेस्ट केलं की ते पुसलं जातं. त्रुटीचा संदेशही नीट लिहा. ‘अवैध इनपुट’ याने कोणाचं भलं झालेलं नाही. ‘मजला १४ लिहिलाय, पण इमारतीचे मजले ११ आहेत. पोडियम धरून मोजलाय का?’ असं विचारलं तर दुरुस्ती जागच्या जागी होते.

राहिला दंड. पैशांचा दंड वसूल करायला तुमच्यातच कोणीतरी वाईट व्हावं लागतं, आणि ते दोन महिन्यांत बंद पडतं. त्याऐवजी नोंद ‘थांबवलेली’ करा: शोधात दिसणार नाही, दुरुस्त केली की लगेच परत. एजंटला हवे असतात फोन, आणि ते थांबले की नियम वाचले जातात. विकलेल्या जागांसाठीही हेच. भाड्याची नोंद १५ दिवसांनी, विक्रीची ३० दिवसांनी आपोआप थांबली पाहिजे. पुन्हा चालू करताना नुसतं ‘होय’ बटण नको, ते डोळे मिटून दाबलं जातं; किंमत पुन्हा टाइप करून घ्या. जुनी नोंद पुसून तीच नव्याने टाकून वर येण्याची युक्ती मालमत्तेचं टेबल वेगळं असल्याने आपोआप फसते, कारण पहिल्या लिस्टिंगची तारीख मालमत्तेला चिकटलेली असते.

इशारे डावलून पुढे गेलेल्या नोंदींची यादी दर आठवड्याला काढा. एखादा इशारा निम्म्याहून जास्त वेळा डावलला जात असेल आणि तपासल्यावर नोंदी बरोबर निघत असतील, तर चुकलाय तो नियम. त्याची मर्यादा बदला किंवा काढून टाका. एकाच एजंटकडून डावलला जात असेल तर त्याच्या दहा नोंदी कागदपत्रांशी ताडून पाहा. कोणी, कधी, कोणता रकाना कशावरून कशावर नेला, हे बदलाचं टेबल ट्रिगरने (बदल होताच डेटाबेस आपोआप चालवतो त्या सूचनेने) भरा, ॲपमधून नाही. थेट टेबलात केलेला बदल ॲपला दिसत नाही.