वाचकांचे प्रश्न : उबुंटूवर बाहेरचं सॉफ्टवेअर बसवताना

(कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्यात.)

प्रश्न : उबुंटू २४.०४ वर एक डेब फाइल (उबुंटूच्या सॉफ्टवेअर पॅकेजची फाइल) ‘सुडो डीपीकेजी -आय’ने बसवली. ‘डिपेंडन्सी प्रॉब्लेम्स’ असा संदेश आला आणि तेव्हापासून ॲप्ट, म्हणजे उबुंटूचं पॅकेज बसवणारं साधन, दुसरं काहीच बसवत नाही. फाइल खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. डीपीकेजी फक्त दिलेलं पॅकेज उलगडतो. त्याला लागणाऱ्या लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात ते कोडचे भाग) शोधून आणणं हे ॲप्टचं काम. लायब्ररी नसल्या की पॅकेज अर्धवट राहतं आणि ते मार्गी लागेपर्यंत ॲप्ट अडून बसतो. ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ द्या. लायब्ररी उबुंटूच्या रेपोत (पॅकेजच्या ऑनलाइन साठ्यात) असतील तर त्या येतील आणि काम पुरं होईल. नसतील तर ॲप्ट ते पॅकेजच काढायचं सुचवेल. तसं झालं तर निमूटपणे हो म्हणा, कारण ती फाइल बहुधा दुसऱ्या आवृत्तीसाठी बांधलेली आहे. जुन्या उबुंटूतली लायब्ररी हुडकून हाताने बसवण्याच्या नादी लागू नका. पुढच्या अपडेटला गुंता वाढतो.

यापुढे फाइल असलेल्या फोल्डरमध्ये जाऊन ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./नाव.डेब’ द्या. सुरुवातीचं टिंब आणि तिरकी रेघ विसरलात तर ॲप्ट त्या नावाचं पॅकेज रेपोत शोधतो आणि सापडलं नाही म्हणतो. शेवटी ‘_ॲप्ट’ या युजरला फाइल वाचता आली नाही अशी सूचना दिसली तर दुर्लक्ष करा. फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे, एवढाच तिचा अर्थ.

डेबमधल्या स्क्रिप्ट रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) अधिकाराने चालतात, हे मात्र लक्षात असू द्या. ‘डीपीकेजी-डेब --इन्फो नाव.डेब पोस्टइन्स्ट’ने त्यातली मुख्य स्क्रिप्ट आधी वाचता येते. गूगल क्रोमची डेब, उदाहरणार्थ, स्वतःचा रेपोही जोडते. अपडेट मिळत राहावेत म्हणून ते योग्यच आहे, पण आपल्या मशीनवर कोणाचा रेपो जोडला गेला हे आपल्याला ठाऊक हवं.

प्रश्न : एका प्रोग्रामच्या सूचनांमध्ये ‘ॲप्ट-की ॲड’ने किल्ली (रेपोची डिजिटल सही तपासणारी फाइल) जोडायला सांगितलं आहे. उबुंटू म्हणतं ही पद्धत कालबाह्य झाली. मग किल्ली ठेवायची कुठे?

उत्तर : ‘ॲप्ट-की’ने जोडलेली किल्ली सगळ्या रेपोंसाठी मान्य होत असे. एका छोट्या प्रोग्रामच्या निर्मात्याची सही उबुंटूच्या स्वतःच्या रेपोलाही चालली असती! उबुंटू ज्यावर बांधलं आहे त्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीतून ती कमांडच काढून टाकली आहे.

आता किल्ली ‘/इटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज’ या फोल्डरमध्ये ठेवा. फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ‘बिगिन पीजीपी’ने सुरू होत असेल तर नावाच्या शेवटी ‘.एएससी’ हवं, बायनरी असेल तर ‘.जीपीजी’. हे उलटसुलट झालं की किल्ली समोर असूनही ‘एनओ_पबकी’ ही चूक येते. दुसरं कारण परवानगीचं. सह्या ‘_ॲप्ट’ हा युजर तपासतो, त्याला ६०० परवानगीची (फक्त मालकाला वाचता येणारी) फाइल वाचता येत नाही. ‘सुडो सीएचमॉड ६४४’ देऊन टाका.

मग ‘/इटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी’मध्ये ‘.सोर्सेस’ने संपणारी फाइल करा. तिच्यात पाच ओळी : टाइप्स, यूआरआयज, सुइट्स, कंपोनंट्स आणि साइन्ड-बाय. शेवटच्या ओळीत किल्लीचा पूर्ण पत्ता लिहिला की ती किल्ली त्या एका रेपोपुरतीच मान्य होते.

इथे बहुतेक मार्गदर्शकं थांबतात, आणि ते अपुरं आहे. सही कोणाची चालेल एवढंच आपण ठरवलं. त्या रेपोने कोणती पॅकेजेस द्यावीत हे नाही. सगळ्या रेपोंना एरवी ५०० अग्रक्रम असतो आणि ॲप्ट सर्वांत वरचा आवृत्ती क्रमांक उचलतो. बाहेरच्या रेपोत एखादी लायब्ररी वरच्या क्रमांकाची असली तर उबुंटूची जाऊन तीच बसेल. म्हणून ‘/इटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी’मध्ये एक फाइल करून तीन ओळी लिहा : ‘पॅकेज: *’, ‘पिन: ओरिजिन’ आणि पुढे रेपोच्या सर्व्हरचं नाव, ‘पिन-प्रायॉरिटी: १००’. मग उबुंटूकडे असलेलं पॅकेज उबुंटूचंच राहतं, आणि बाहेरून घेतलेल्या प्रोग्रामला अपडेटही मिळत राहतात. ‘ॲप्ट पॉलिसी’ पुढे पॅकेजचं नाव लिहून खात्री करा.

उबुंटूची आवृत्ती बदलताना असे रेपो बंद केले जातात. नव्या आवृत्तीसाठी रेपोत जागा आहे का ते पाहूनच पुन्हा चालू करावेत.

प्रश्न : ॲपइमेजवर (न बसवता थेट चालणाऱ्या एका फाइलीतल्या प्रोग्रामवर) डबल-क्लिक केलं तरी काहीच होत नाही.

उत्तर : ‘सीएचमॉड +एक्स’ देऊन ती टर्मिनलमधून चालवा, म्हणजे खरं कारण दिसेल. ‘लिबफ्यूज.एसओ.२’ ही लायब्ररी सापडत नसेल तर २४.०४ वर ‘लिबफ्यूज२टी६४’ हे पॅकेज बसवा, २२.०४ वर ‘लिबफ्यूज२’. नुसतं ‘फ्यूज’ कधीही बसवू नका. ते फ्यूज३ काढून टाकतं, आणि डेस्कटॉपचे महत्त्वाचे भाग त्याच्यावर अवलंबून आहेत.

चूक ‘सँडबॉक्स’ची (प्रोग्रामला बंदिस्त ठेवणाऱ्या संरक्षणाची) असेल तर तो २४.०४ मधला ॲपआर्मरचा, म्हणजे उबुंटूच्या सुरक्षा यंत्रणेचा, नवा निर्बंध आहे. इलेक्ट्रॉनवर (वेब तंत्राने डेस्कटॉप प्रोग्राम बनवण्याच्या साधनावर) बांधलेले प्रोग्राम त्यात अडकतात. ‘--नो-सँडबॉक्स’ने प्रोग्राम सुरू होतो, पण वेबवरचा मजकूर उघडणाऱ्या प्रोग्रामचं संरक्षणच निघून जातं. त्यापेक्षा फाइल ‘/ऑप्ट’मध्ये रूटच्या मालकीची करून ठेवा आणि ‘/इटीसी/ॲपआर्मर.डी’मध्ये त्या पत्त्यासाठी ‘यूजरएनएस’ची (सँडबॉक्स उभारण्याची) परवानगी देणारं प्रोफाइल, म्हणजे नियमांची फाइल, लिहा. होम फोल्डरमधल्या पत्त्याला ही सूट देऊ नये, तिथली फाइल कोणताही प्रोग्राम बदलू शकतो.

प्रश्न : एकच प्रोग्राम डेब आणि स्नॅप व फ्लॅटपॅक ही दोन वेगळी पॅकेज स्वरूपं, अशा तिन्ही रूपांत मिळतो. कोणतं घ्यावं?

उत्तर : निर्माता स्वतः जे सांभाळतो ते घ्या, आणि एकच घ्या. तिघांच्या सेटिंग्ज वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे दोन बसवले की काम गेल्यासारखं वाटतं. पहिलं फ्लॅटपॅक मोठं उतरतं, कारण सोबत रनटाइम (लागणाऱ्या लायब्ररींचा सामायिक संच) येतो. पुढची तोच वापरू शकतात.

प्रश्न : पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या ‘पिप इन्स्टॉल’ला ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ अशी चूक येते.

उत्तर : उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून असंच आहे. सिस्टीमचे अनेक प्रोग्राम त्याच पायथनवर चालतात, त्यात पिपची ढवळाढवळ नको. सुटे प्रोग्राम ‘पिपएक्स इन्स्टॉल’ने बसवा आणि एकदा ‘पिपएक्स एन्श्युअरपाथ’ देऊन टर्मिनल नव्याने उघडा. स्वतःच्या कोडसाठी ‘पायथन३ -एम व्हीएनव्ह’ने वेगळं फोल्डर करा, त्यासाठी आधी ‘पायथन३-व्हीएनव्ह’ हे पॅकेज लागतं.