साध्या माणसांच्या गोष्टी लिहायला घेताय? मग आधी हे

जरूर लिहा, मनात आलंय तर उशीर करू नका. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

१. पहिल्याच भेटीत मुलाखत नको. माणूस काम करत असताना शेजारी बसा. जुनी घड्याळं दुरुस्त करून फुकट वाटणाऱ्या एका आजोबांकडे मी तासभर नुसता बसलो होतो. प्रत्येक स्क्रू ते बाटलीच्या झाकणात, काढला त्याच क्रमाने ठेवत होते. ‘प्रेरणा कुठून मिळाली?’ असं विचारून हे हाती लागत नाही. ‘आज सकाळपासून काय काय केलंत?’ असं विचारा.

२. विशेषणं गाळा, आकडे घ्या. बिहारमधल्या गावचे मजूर दशरथ मांझी यांनी १९६० ते १९८२, तब्बल २२ वर्षं छिन्नी-हातोड्याने डोंगर फोडून वाट काढली. या आकड्यांपुढे ‘अवलिया’ शब्द फिकाच.

नवखे बहुतेक इथेच चुकतात, माणसाचा देव करून टाकतात. पैसा कुठून आला, घरच्यांनी काय सोसलं, काम मध्ये कधी बंद पडलं, हेही मायेने विचारा.

३. फोटो परवानगीनेच. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा.

रेकॉर्डिंग, मांडणी नंतर बघू. पहिली गोष्ट दोन पानांत लिहा आणि मला पाठवा, मी नक्की वाचेन.