शहापूरचे विणकर शोधताना

अगं, शहापूरच्या (आज बेळगावी शहराचाच एक भाग) विणकरांवरची पुस्तकं शोधायला 'बेळगावी विणकर' टाकलंस आणि काहीच निघालं नाही म्हणून विषय बदलू नकोस. शब्द बदल. शहराचं बेळगावी हे नाव सरकारी कागदावर आलं २०१४ साली. त्याआधीची पुस्तकं 'बेळगाव' (इंग्रजीत Belgaum) नावाखाली आहेत. इंग्रजीत, मराठीत, कन्नडमध्ये, तिन्ही लिप्यांत शोध. कन्नड येत नाही ही सबब चालणार नाही, शेजारच्या काकूंकडून शब्द लिहून घे.

आणखी एक गोम. शहापूर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होतं. म्हणजे नुसता बेळगाव जिल्हा धुंडाळून भागणार नाही. 'सांगली संस्थान', 'दक्षिण मराठा संस्थानं' (सांगली त्यांतलंच एक) हेही शब्द हवेत. जिल्हा आधी मुंबई इलाख्यात आणि मग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, म्हणून जुने अहवाल 'मुंबई इलाखा' या मथळ्याखालीही सापडतात. मी हे उशिरा शिकले, एक अख्खी उन्हाळी सुट्टी वाया घालवून.

एक चांगलं पुस्तक हाती लागलं की आधी वाचत बसू नकोस. ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये त्याची नोंद उघड, विषय-शीर्षकं (पुस्तक कशावर आहे ते सांगणारे ठरावीक शब्द) वहीत उतरव. 'विणकर'ऐवजी तिथे 'हातमाग उद्योग' असेल. तोच शब्द परत टाकलास की त्याच विषयावरची, या लेखकाला न सुचलेली भावंडं-पुस्तकं समोर येतात. मग मागची सूची बघ, संदर्भयादी बघ. १८८४ चं बेळगाव गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) उपयोगी आहे, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेनं लिहिलेलं. जातींबद्दलची वाक्यं जशीच्या तशी उचलू नकोस.

शोधगंगेवरचे (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) प्रबंध शेवटी बघ.