स्केचबुकात काढलेली माणसं ताठर दिसतात. रेषा मोकळी आणि बोलकी कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की चित्रकलेच्या इलिमेंटरी, इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा झाल्यात, वस्तुचित्र चांगलं येतं, पण वहीत माणूस काढला की तो लग्नाच्या अल्बममधल्या नवरदेवासारखा अवघडून उभा राहतो. आधी ॲनाटॉमी (शरीररचना) शिकावी का, असंही विचारलंय. कॉलेज रोडला राहता म्हणालात, तेव्हा नाशिकच्याच हिशोबाने सांगते.

तुमच्या हाताला काही झालेलं नाही. गडबड बहुतेक वेळा क्रमात असते. आपण आधी चेहऱ्याचा अंडाकार काढतो, मग डोळे, हौस असेल तर पापण्यासुद्धा, आणि मग त्या तयार डोक्याला खाली धड जोडत बसतो. तोवर समोरच्याने कूस बदललेली असते, म्हणून उरलेलं शरीर अंदाजाने भरतो. त्यात परीक्षेची सवय आड येते: फिकट पेन्सिल, खोडरबर, शेवटी एकसंध स्वच्छ बाह्यरेषा. घागर-पेल्याला ती पद्धत उत्तम, कारण घागर काही करत नसते. माणूस नुसता उभा असला तरी काहीतरी करत असतो. म्हणून पेन टेकवण्याआधी मनात एक क्रियापद म्हणा. टेकलाय. ओढतेय. वाट बघतोय. वाकून पैसे मोजतेय. पहिल्या दोन-तीन रेषा त्या क्रियापदाच्या. नाक, चष्मा, शर्टाची बटणं वेळ उरला तर.

यासाठी सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा शेजारचं मेळा स्टँड फार सोयीचं. एसटीची वाट बघणारा माणूस बराच वेळ एका जागी असतो आणि आपल्याकडे लक्ष देत नाही. उभ्या माणसात एवढंच शोधा: वजन कोणत्या पायावर आहे? भार ज्या पायावर, त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि सहसा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. दुसरा पाय सैल. गळ्याच्या खळीतून सरळ खाली ओळंबा सोडला तर तो भार पेलणाऱ्या पावलाच्या आसपास पडतो. कंबरेची एक तिरकी, खांद्याची उलटी तिरकी, मधून कण्याची वळलेली रेषा, एवढ्यात माणूस उभा राहतो. मोबाइलवर तीस सेकंदांचा टायमर लावा. वेळ संपला की पुढचा माणूस, त्याच पानावर, जागा मिळेल तिथे. काही दिवसांनी एक मिनिट, मग दोन. त्यापुढे जायची घाई नको. पाच मिनिटं हातात आली की आपण परत पापण्या काढायला लागतो.

वजन खरंच समजून घ्यायचं असेल तर दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात जा. पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाची मान पुढे, गुडघे थोडे मोडलेले, पावलं आखूड. रिकामा परत येताना तोच माणूस वेगळ्या रेषेने चालतो. दोन्ही शेजारी-शेजारी काढा. शिवाय तो तीच हालचाल पुन्हा पुन्हा करतो, त्यामुळे अर्धवट राहिलेलं रेखाटन पुढच्या फेरीला पुरं करता येतं. इस्त्रीवाला, चहा वर-खाली ओतणारा टपरीवाला, तराजू धरणारी भाजीवाली, सगळ्यांना हा फायदा आहे.

सामानाबद्दल थोडक्यात. महागडी वही घेऊ नका, पान खराब होईल या भीतीनेच हात आखडतो. साधारण १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) कागद पेनला पुरतो, पाण्याचे रंग फिरवायचे असतील तर २०० च्या वर जा. आकार मात्र ए-४ तरी असू द्या. खिशातल्या छोट्या वहीत रेषा फक्त बोटांतून निघते, मोठ्या पानावर कोपर आणि खांदा कामाला लागतात. पेन्सिल घरी ठेवा, खोडरबरासकट. साधं बॉलपेन फार गुणी आहे, हलकं टेकवलं तर फिकट, दाबलं तर गडद. शाईपेनात साधी धुऊन निघणारी शाई असेल तर ओलं बोट फिरवून सावली मिळते. पण बाटलीतली वॉटरप्रूफ इंडिया इंक शाईपेनात भरू नका, तिच्यातल्या लाखेने निब तुंबते. ती बोरूसाठी किंवा ब्रशसाठी.

आता मोकळी रेषा म्हणजे काय, यावर माझं जरा वेगळं मत आहे. इंस्टाग्रामवर एकाच हातावर वीस केसाळ रेघा ओढलेल्या दिसतात आणि खाली ‘लूज स्केच’ लिहिलेलं असतं. पुष्कळदा ती नुसती भीती असते. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची रेषा बघा, किती नेटकी आहे, तरी माणूस शब्दाविना बोलतो. दुसरे व्यंगचित्रकार वसंत सरवटे, त्यांची रेषा वेगळ्या स्वभावाची, पण तीही एकदा ठरवून ओढलेली. आणि गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या तरुणपणच्या, १९४९ ते १९५१ च्या डायऱ्या मिळाल्या तर जरूर बघा. रोजच्या आयुष्यातले शेजारीपाजारी, गावातली माणसं त्यांत भरलेली आहेत, प्रदर्शनाचा विचार नसताना काढलेली. नक्कल करायची असेल तर चेहऱ्याची नको. एक हात किती रेषांत उरकलाय, पाठ कुठे तुटक सोडलीये, ते मोजा.

बोलकेपणा येतो तो निवडीतून. बुधवारी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, बाजार भरतो, तिथे एखादी भाजीवाली आजी गाठा. उकिडवी बसलेली, गुडघे पार खांद्यापर्यंत आलेले, एक कोपर गुडघ्यावर, हात गालाला. सगळी मिळून एक त्रिकोण. यातलं तुम्हाला काय भावलं? गुडघे? मग पुढच्या रेखाटनात ते आणखी वर घ्या, डोकं लहान करा. पदराच्या चुण्या सोडून द्या. असंच दर रेखाटनात थोडं थोडं ताणत जायचं, आणि आता ही आजी वाटतच नाही असं झालं की एक पाऊल मागे यायचं.

मग घरी या आणि दुसऱ्या दिवशी वही न उघडता तिला पुन्हा काढा. इंटरमिजिएटचा स्मरणचित्राचा पेपर आठवतोय ना? तो इथे उपयोगी पडतो. आठवणीत फक्त कामाचं उरतं. त्यानंतर तिला तिच्या जागेवरून उठवा: एटीएमच्या रांगेत उभी करा, नातवाला रागावू द्या, एसटीत खिडकी पकडायला धावू द्या. प्रत्येक वेळी ती आजीच वाटली पाहिजे. इथे तुमचं ‘कॅरेक्टर’ तयार होतं, निव्वळ मनाने डोळे मोठे करून होत नाही.

नाशिककरांना एक फुकटची शिकवणीही मिळते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ते बघायला गाव लोटतं. शेकडो माणसं एकच गोष्ट करत असतात, पण प्रत्येकाची ढब निराळी. कुणी कंबरेवर हात ठेवून जणू पाणी यानेच सोडलंय असा उभा, कुणी पोराला खांद्यावर घेतलेला, कुणी मोबाइल उंच धरून चवड्यांवर. एकच क्रियापद, एक पान, जमतील तेवढी माणसं. (सुरक्षित अंतरावरून. पुराच्या पायऱ्यांवर वही घेऊन बसायचं शौर्य नको.)

गोदावरीवरच्या रामकुंडावर मात्र भान ठेवा. तिथे अस्थिविसर्जन, दशक्रिया चालू असतात. दुःखातल्या घरच्यांकडे टक लावून रेखाटत बसणं मला बरं वाटत नाही. आंघोळ करणाऱ्या बायकांचंही तेच. पाण्यात उड्या मारणारी पोरं, फुलवाल्या, छत्रीखालचे गुरुजी भरपूर आहेत. कुणी बघितलं आणि ‘काय काढताय?’ विचारलं तर वही सरळ दाखवा. बहुतेक जण हसतात, आणि ‘आमचं पण काढा ना’ म्हणतात. तेव्हा ते पोझ घेऊन ताठ बसतात, ते चित्र बिघडणारच, तरी पटकन काढून द्या आणि पुढे चला.

राहिली ॲनाटॉमी. आधी नको, सोबत चालू द्या. खांदा, कंबर आणि गुडघा कसे वळतात एवढं कळलं तरी बरेच दिवस पुरतं. स्नायूंची नावं पाठ करून रेषा हलत नाही. जिथे अडाल तेवढंच उघडून बघा. तळहात सगळ्यांना छळतात, त्यांना बोटं मोजत काढू नका. आधी पंजाचा एकच ठोकळा, अंगठा वेगळा, मग बोटांचा मिळून एक गठ्ठा, आणि हात काय धरतोय ते त्याच्याबरोबर. मॉडेल हवंच असेल तर तुमचा मोकळा हात आहेच: चहाचा कप, किल्ली, बसचं तिकीट काहीही धरा आणि काढा.