डॉक्टर झालेल्या लेकीला टेलिमेडिसिनच्या दाव्यांत वकिली करायची आहे

ताई, नमस्कार.

तुमची लेक एमबीबीएस झाली, वर्षभर एका टेलिमेडिसिन कंपनीसाठी व्हिडिओ कॉलवर रुग्ण पाहते आहे आणि आता तिला एलएलबी करून अशा सल्ल्यांतून उभ्या राहणाऱ्या निष्काळजीपणाच्या दाव्यांचं काम करायचं आहे. ‘एवढं शिकून पुन्हा पहिल्यापासून कशाला? आणि दोन्ही व्यवसाय सोबत करता येतील का?’ असं तुम्ही विचारलंत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. दुसरी नोकरी किंवा व्यवसाय चालू असलेल्याला महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, देत नाही. या नियमाला एका डॉक्टरनेच आव्हान दिलं होतं आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने नियम योग्य ठरवला. म्हणजे सनद घेताना कॉलवरचे रुग्णही सोडावे लागतील. एलएलबी पत्राद्वारे केलेली चालत नाही. सीईटी ही प्रवेश परीक्षा, तीन वर्षं नियमित वर्ग, किमान ७० टक्के हजेरी आणि पुढे अखिल भारतीय बार परीक्षा, असा तो रस्ता आहे.

पण ‘पहिल्यापासून’ हे मला पटत नाही. हे दावे उभे राहतात किंवा पडतात ते वैद्यकावर. पन्नाशीचा रुग्ण चॅटवर लिहितो, ‘छातीत जळजळतंय, घाम फुटलाय.’ डॉक्टर ॲसिडिटीची गोळी लिहून देतो आणि पुढे तो हृदयविकाराचा झटका निघतो. ‘रुग्णानेच चॅट निवडलं होतं’ हा बचाव इथे तोकडा पडतो. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुरून दिलेला सल्ला पुरेसा आहे की रुग्णाला प्रत्यक्ष बोलवायचं, हा निर्णय डॉक्टरचा असतो. मापदंडही प्रत्यक्ष तपासणीचेच लागू होतात. कोणत्या वाक्यापाशी थांबून ‘आत्ताच्या आत्ता रुग्णालयात जा’ म्हणायला हवं होतं, हे तुमच्या लेकीला चॅट वाचतानाच दिसेल. नुसता कायदा शिकलेल्या वकिलाला त्यासाठी तज्ज्ञ गाठावा लागतो.

उरलेल्या बऱ्याच चुका साध्या असतात, पण नोंदीत नागड्या दिसतात. त्याच मार्गदर्शक तत्त्वांतल्या औषधांच्या याद्या हे त्यातलं पहिलं ठिकाण. ‘ए’ यादीतली औषधं पहिल्या सल्ल्यात द्यायची तर व्हिडिओ लागतो. ‘बी’ यादीतली औषधं त्याच आजारासाठी प्रत्यक्ष तपासून झालेल्या रुग्णालाच, पाठपुराव्यात देता येतात. ती प्रत्यक्ष भेटही सहा महिन्यांच्या आतली हवी. त्यापेक्षा जुनी असेल तर तो रुग्ण नवा धरला जातो. औषध नियमांच्या अनुसूची एक्समधली (कडक नियंत्रणाखालची) आणि अमली व मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखालची औषधं सहसा दुरून देता येत नाहीत. संमतीचंही तसंच आहे. रुग्णाने स्वतः कॉल केला तर ती गृहीत धरतात. आरोग्यसेविकेने, नातेवाइकाने किंवा डॉक्टरने सुरुवात केली तर रुग्णाची स्पष्ट संमती नोंदलेली लागते. अल्पवयीन रुग्णासोबत ओळख पटलेली प्रौढ व्यक्ती हवी.

दावा कुठे लागतो, हेही तिने आधीच समजून घ्यावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, त्यामुळे डॉक्टरला शेकडो किलोमीटर दूरच्या ग्राहक आयोगापुढे उभं राहावं लागतं. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. सगळ्यांना पूर्णपणे मोफत असलेली सेवा मात्र या कायद्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं आहे. वैद्यकीय परिषदेकडची तक्रार वेगळी चालते. मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं. वैद्यकीय उपचार करताना झालेल्या मृत्यूसाठी तिथे नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा ढोबळ, गंभीर असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली एका डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन फेटाळला, तो निकाल ‘फोनवर औषध सांगणं गुन्हा’ म्हणून सर्रास सांगितला जातो. तिथे रुग्ण दाखल होती, डॉक्टर हजर नव्हते आणि फोनवरच्या सूचनांवर उपचार चालले होते. असा फरक अचूक मांडता येणं हेच या कामातलं कसब आहे.

पुराव्याकडे मी तिचं विशेष लक्ष वेधेन. व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट नुसता जोडून भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा तिचा डिजिटल ठसा, लिहावं लागतं. मूळ नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. म्हणून नोंदी जपून ठेवण्याची लेखी नोटीस पहिल्याच आठवड्यात जायला हवी. पुढे ॲप बदलतं, खाती बंद होतात आणि डॉक्टरने काय विचारलं होतं ते कुणालाच दाखवता येत नाही. यात रुग्णाइतकाच निर्दोष डॉक्टरही अडकतो.

सनद नको असेल तर विमा कंपन्यांचे दावे विभाग, रुग्णालयांचे कायदा कक्ष आणि टेलिमेडिसिन कंपन्यांचं नियमपालन, ही कामं ती डॉक्टर राहूनही करू शकते. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा वैद्यकीय कायदा आणि नीतिशास्त्राचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम त्यासाठी चांगला पाया आहे. माझं मत विचाराल तर आधी हा अभ्यासक्रम करावा आणि एलएलबीचा निर्णय वर्षभराने घ्यावा. ते वर्ष प्रत्यक्ष रुग्ण तपासण्यात गेलं तर उत्तमच. फक्त कॉलवर काम केलेल्याला हात लावून तपासल्यावर काय कळतं, ते सांगता येत नाही.

या महिन्यात तिने स्वतःची कागदपत्रं काढावीत. व्यावसायिक विम्याची पॉलिसी बहुधा ‘क्लेम्स मेड’ प्रकारची असेल, म्हणजे दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते आणि घटना पूर्वलक्षी तारखेनंतरची, म्हणजे पॉलिसीत संरक्षण जिथून सुरू धरलं आहे त्या तारखेनंतरची, असावी लागते. नूतनीकरणात खंड पडला तर जुन्या रुग्णांचं संरक्षण जाऊ शकतं. टेलिमेडिसिनचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे का, ते पाहावं. कंपनीच्या करारात नुकसानभरपाईचं कलम शोधावं. कंपनीवर आलेला दावाही डॉक्टरने भरायचा, असं तिथे लिहिलेलं असू शकतं. अभ्यासासाठी कंपनीतल्या रुग्णांच्या नोंदी मात्र घरी आणू नयेत, तो गोपनीयतेचा भंग होईल. त्याऐवजी ग्राहक आयोगांचे प्रसिद्ध झालेले वीस निकाल वाचावेत आणि प्रत्येकात कोणत्या नोंदीवर निकाल फिरला, ते समासात लिहावं. वीस वाचूनही एकविसावा उघडावासा वाटला, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा सीईटीच्या तयारीचं बोलू.