अर्धा तास कुणी सांगितला?

“ताई, मी २६ वर्षांचा आहे. मे महिन्यात लग्न आहे. सोळाव्या वर्षापासून मोबाइलवर ‘तसले’ व्हिडिओ बघतो, हस्तमैथुनही करतो. ताकद संपली असेल का? व्हिडिओतल्यासारखा अर्धा तास माझ्याच्याने होणार नाही. मित्राने एका वैदूकडून पुडी आणून दिलीय. होणाऱ्या बायकोला हे सांगावं का?” – एक वाचक, सांगली

आधी ती पुडी कचऱ्यात टाक, मग पुढचं वाच.

हस्तमैथुनाने ताकद जात नाही, वीर्य संपत नाही, लिंग वाकडं होत नाही. वीर्य शरीर बनवतच राहतं. ‘धात जाते’ ही धास्ती आपल्याकडे इतकी मुरलेली, की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६०मध्ये तिलाच ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. उपचार लागतो तो धास्तीवर.

आता तुझा अर्धा तास. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच देशांतल्या ५०० जोडप्यांना संभोगाचा वेळ मोजायला चक्क स्टॉपवॉच दिलं होतं. (घड्याळ बायकांच्या हातात होतं, हे बरं केलं.) मधला आकडा निघाला ५.४ मिनिटं. व्हिडिओतला अर्धा तास गोळ्या, इंजेक्शनं आणि कात्रीच्या जोरावर उभा असतो. शिवाय ‘दुखतंय का?’, ‘थांब जरा’, कंडोम शोधताना उडालेली धांदल, मध्येच फुटलेलं हसू, हे सगळं त्यात कापलेलं असतं. बहुतेक बायकांना नुसत्या संभोगाने कळस गाठता येत नाही, हेही त्यात कुणी सांगत नाही.

मग सांगणार कोण? र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. त्या उत्तरांसाठीच १९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. आंबेडकर, तरी हरले. आणि २००७मध्ये आपल्याच राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. पोरांनी मोबाइल उघडला, तर दोष सगळा पोरांचाच कसा?

तरी एक तपासून बघ. व्हिडिओशिवाय उत्तेजनाच येत नाही, झोप किंवा काम बुडतंय, ठरवूनही थांबता येत नाही, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेट. तोवर १४४१६ या सरकारी ‘टेली-मानस’ क्रमांकावर बोल, फुकट आहे. नुसती अपराधी भावना म्हणजे आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही तेवढ्यावर निदान होत नाही.

राहिली ती मुलगी. पोलिसांत जबाब दिल्यासारखा सगळा इतिहास तिच्यापुढे ओतू नकोस. तिने विचारलं तर मात्र खोटं बोलू नकोस. पण त्याआधी तिला काय वाटतंय ते विचार. तिच्या मनात पहिल्या रात्रीच्या दुखण्याची भीती असेल, रक्त आलं नाही तर तू काय म्हणशील याची असेल. रक्त न येणं अगदी सर्वसाधारण आहे, हे तुझ्या तोंडून आधीच कळलं तर तिच्या जिवावरचं ओझं उतरेल. मूल कधी हवं, तोवर काय वापरायचं, हेही बोलून घ्या. हवं तर दोघं मिळून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. हॉल, केटरर, आहेर यांवर तासन्‌तास बोलता ना फोनवर? त्यातला एक फोन यासाठी ठेव. सुरुवात जमत नसेल तर म्हण, “मला यातलं फारसं कळत नाही गं, तुला?”