वचनही कोरडे वाटू लागते तेव्हा

"मी रोज बायबल उघडतो, पण त्यातून मला फक्त रविवारच्या प्रवचनाचे मुद्दे दिसतात. माझ्यासाठी काहीच येत नाही. माझा विश्वास संपला असेल का?" मुंबईतील एका मराठी मंडळीच्या (चर्चच्या) पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, समुपदेशक म्हणून मला पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सामान्य भाविकही हेच विचारतात, पाळकाला मात्र ते मंडळीत कोणाजवळ बोलता येत नाही.

मी विश्वासाविषयी काही न बोलता त्यांना मागचा आठवडा सांगायला लावला. परळच्या रुग्णालयात दोन भेटी, शिवडीच्या दफनभूमीत एक अंत्यविधी, त्याच संध्याकाळी कल्याणला कुटुंबप्रार्थना, रात्री साडेअकराच्या लोकलने परत आणि घरी पोचल्यावर कमिटीतल्या वादाचा फोन. सोमवार सुट्टीचा, असे ते म्हणाले. पण शेवटचा मोकळा सोमवार कोणता, हे त्यांना आठवेना. झोप पहाटे तीनला मोडत होती. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हेही मी स्पष्ट विचारले, कारण हा प्रश्न टाळणे हा आमच्या व्यवसायातला मोठा दोष आहे. तसा विचार नव्हता. तरीही झोपेसाठी मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले.

दुसऱ्या भेटीत त्यांनी स्वतःच बायबलमधील संदेष्टा एलीया याचा विषय काढला. बायबलमधील '१ राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायावर त्यांनी अनेकदा प्रवचन केले होते. मी त्यांचे टिपण पाहायला मागितले, तेव्हा लक्षात आले की एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो त्या चौथ्या ओवीवरून (वचनावरून) ते थेट बाराव्या ओवीतील देवाच्या शांत, मंद वाणीवर जात होते. मधली पाचवी ते आठवी ओवी टिपणात नव्हतीच. त्या ओव्यांत एलीया झोपतो, देवदूत त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो आणि पुन्हा खातो. वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे, हे देवदूतच त्याला सांगतो. "तू येथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न येतो तो या सगळ्यानंतर, होरेब डोंगरावर. शास्त्र शिकवण्याचा अधिकार माझा नव्हे, त्यामुळे मी एवढेच विचारले की या चार ओव्या का गळल्या. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "त्यात प्रवचनासारखे काही नव्हते."

कर्मेल डोंगरावर बआल देवाच्या संदेष्ट्यांवर एलीयाने मिळवलेला विजय आदल्याच अध्यायात आहे, त्यामुळे एलीयाचा थकवा अविश्वासातून आला असे म्हणणे मला अवघड वाटते. पाळकसाहेबांना हे पटले. पण पटणे आणि सुट्टी घेणे यांत अंतर असते. आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या: सकाळचे वाचन वही-पेनाशिवाय करायचे, आणि रुग्णालयाच्या भेटींपैकी काही मंडळीतल्या वडीलजनांकडे (जबाबदार ज्येष्ठांकडे) सोपवायच्या. दुसरी गोष्ट त्यांना अधिक जड गेली, कारण रुग्णाला पाळकच हवा असतो, असे ते मानत. मी त्यांना इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याचा सासरा इथ्रो याची आठवण दिली. बायबलमधील 'निर्गम' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करणाऱ्या जावयाला तो, तू आणि हे लोकही झिजून जाल, असे सुनावतो. यावर पाळकसाहेब हसले.

सहाव्या भेटीपर्यंत झोप बरीच सुधारली होती. बायबलमधील, अंधारातच संपणारे अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र त्यांनी चार दिवस रोज वाचले होते आणि त्यावर एक ओळही लिहिली नव्हती. सोमवारी फोन मात्र अजून वाजतोच, आणि तो कोणी उचलायचा, यासाठी पुढच्या भेटीला त्यांच्या पत्नीही येणार आहेत.